मोठे गळ बांधायला व्हाइस कोणता घ्यावा? (४/० ते ८/०, बडोदा)

ओरसंगकाठ:

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात राहतो, फ्लाय (गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष) बांधायचा नाद जुना आहे. बांधताना गळ धरून ठेवणारा शिकंजा म्हणजे व्हाइस. आजवर ८ ते १ नंबरच्या गळांवर काम चालायचं, आता गळ मोठे झालेत. उत्तराखंडात परवाना काढून महाशीरसाठी जायचं ठरतंय, त्याला २/० ते ४/०. त्यानंतर अंदमान, जायंट ट्रेव्हली म्हणजे जीटी या दांडग्या समुद्री माशासाठी ६/० आणि ८/०. शिवाय धाकट्या भावाला जिगिंगची (धातूचं जड आमिष, म्हणजे जिग, खोल सोडून झटके देत मासे धरायची) ओढ लागली आहे, त्याचे असिस्ट हुकही (जिगला आखूड दोरीने जोडलेले गळ) माझ्याच टेबलावर बांधले जातात.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो, १ नंबरपर्यंत आकडा उतरेल तसा गळ मोठा होतो आणि तिथून पुढे १/०, २/० असा चढत जातो. म्हणजे ८ आणि ८/० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सध्या माझ्याकडे लिव्हरचा साधा व्हाइस आहे, 'एए' म्हणून मिळतो तो. लिव्हर दाबला की जबडा मागे ओढला जातो आणि आवळतो. लहान गळाला काही तक्रार नाही. पण ४/० चा जाड गळ लावून २०० डेनियरचा जीएसपी (फार मजबूत पॉलिथिलीनचा) दोरा ताणला की गळाचा डोळा (दोर ओवायचं भोक) हळूहळू खाली झुकायला लागतो. गळ सरळ करायचा, चार वेढे मारायचे, पुन्हा सरळ करायचा, असं चाललंय. यात केसांची जुडी दांड्याभोवती (गळाच्या सरळ भागाभोवती) सरकते आणि सगळी मेहनत वाया जाते.

नवीन घेताना बघायचं काय? ज्याला विचारावं तो 'रोटरी घे' म्हणतो, म्हणजे गळ आसाभोवती फिरवता येणारा. परदेशातून मागवला तर किमतीवर वाहतूक आणि कस्टम ड्युटी चढते, त्यामुळे पैसे एकदाच घालायचे आहेत. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं.


कलाभवनी:

ओरसंगकाठ, कंपनीचं नाव शेवटी. आधी व्हर्नियर काढ आणि तुझ्याकडच्या सगळ्यांत मोठ्या गळाची तार मोज. जबड्याचा संबंध नंबरशी नाही, तारेच्या जाडीशी आहे. एकाच ६/० चे दोन कंपन्यांचे गळ हातात घेतलेस तर तार वेगळी निघते.

गळ का घसरतो ते हिशेबाने बघ. दोरा तू ओढतोस डोळ्याजवळ, जबडा धरतो वाकाला, म्हणजे गळाच्या वळणाला. मधलं अंतर म्हणजे तरफेचा हात. १२ नंबरच्या गळाला हे अंतर धर १५ मिमी आणि ओढ २०० ग्रॅम, म्हणजे ०.३ किलो-सेंमी. ८/० ला अंतर धर ६० मिमी आणि जीएसपीची ओढ २ किलो, म्हणजे १२ किलो-सेंमी. चाळीसपट! आणि हे सगळं पेलायचं कुणी, तर जबड्याच्या टोकाच्या त्याच दोन-तीन मिलिमीटरनी. लिव्हर जिवाच्या आकांताने आवळून हा हिशेब बदलत नाही. उलट जबड्याचं टोक उडतं.

आवळायच्या तऱ्हा मुख्य तीन. तुझा एए ही अमेरिकेतल्या थॉम्पसन मॉडेल ए या जुन्या व्हाइसची नक्कल. त्यात मधोमध चिरलेली दांडी निमुळत्या तोंडाच्या नळीत मागे ओढली जाते. जाड तार आली की जबडे पुढून जास्त फाकतात, नळीच्या तोंडाशी नीट बसत नाहीत आणि पकड फक्त कडेवर उरते. ही पद्धतच वाईट आहे असं मुळीच नाही. एचएमएचचे उत्तम व्हाइस याच तत्त्वावर चालतात, पण ते मोठ्या गळासाठी मॅग्नम नावाचा वेगळा जबडा देतात. मुद्दा तिथेच आहे.

दुसरी तऱ्हा रीगलची. तिथे मूठ दाबली की जबडे उघडतात, सोडली की स्प्रिंगच्या जोराने मिटतात. स्क्रू जुळवायची भानगड नाही. तार जाड असेल तेवढी स्प्रिंग अधिक ताणली जाते आणि पकड आपोआप वाढते. लहानावरून मोठ्या गळावर सारखी उडी मारणाऱ्याला हे फार सोयीचं.

तिसरी तऱ्हा, दोन पट्ट्यांसारखे जबडे, मध्ये स्क्रू आणि मागे कॅम (फिरवला की जबडे आवळणारी विकेंद्री चकती). रेन्झेटी, पीक वगैरे. इथे मधला स्क्रू म्हणजे टेकू. तारेच्या जाडीप्रमाणे तो जुळवला नाही तर जबड्यांची नुसती टोकं चिकटतात, नाहीतर नुसती मागची बाजू. गळ लावल्यावर व्हाइस उजेडाकडे धरून पाहावा. दोन्ही जबड्यांमधली फट समांतर दिसली पाहिजे. आणि मोठा गळ टोकाशी लावायचा नाही, आत जिथे खाच असते तिथे बसवायचा. डायना-किंगच्या जबड्यांना अशा खाचा मुद्दाम दिलेल्या असतात.

कुठलाही व्हाइस घेण्याआधी दोन परीक्षा घे. अंगठ्याने डोळा खाली दाब. गळ लवचिकपणे वाकून परत जागेवर यायला हवा, जबड्यात फिरता कामा नये. मग नखाने डोळा छेड. पक्का धरलेला गळ टणकन वाजतो, ढिला असेल तर बद्द आवाज येतो. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान, दोन्ही गळ लावून हे करून बघ.


फिरकी:

कलाभवनी काकांचा हिशेब पटला. तरी रोटरीची बाजू मांडतो, कारण मोठ्या फ्लायला दुसरी बाजू बघावी लागतेच. जीटीची फ्लाय वीतभर लांब असते. एका बाजूला केस जास्त पडले तर पाण्यात ती कुशीवर झोपते आणि मासा फिरकत नाही. व्हाइस फिरवून दोन्ही अंगं तपासता येतात. डोक्यावर यूव्ही रेझिन लावताना गळ सावकाश फिरवत ठेवला की ओघळ येत नाही. अंगावर टिन्सेल (चमकदार पट्टी) गुंडाळायची तर दोरा स्थिर आणि गळ फिरता, त्यात वेढे शेजारी शेजारी बसतात. मी तर रोटरीशिवाय घेऊ नको असंच म्हणेन. रेन्झेटी ट्रॅव्हलर बघ.


कलाभवनी:

फिरकी, तुझे फायदे सगळे खरे. पण दोन गोष्टी त्याला आधी माहीत हव्यात.

ट्रॅव्हलरचा साधा जबडा कंपनी स्वतः २८ ते ४/० साठी सांगते. याला हवाय ८/०. समुद्री गळांसाठीचा प्रकार वेगळा मिळतो, मागवायचा तर तो मागवावा. पीकच्या व्हाइसलाही समुद्री गळांचे जबडे वेगळे घेता येतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खऱ्या रोटरीत गळाचा दांडा फिरण्याच्या आसावर असावा लागतो. मोठ्या गळाचा वाक खोल असतो, म्हणजे जबड्याने धरलेली जागा आणि दांडा यांत बरंच अंतर पडतं. लहान गळांसाठी बेतलेल्या डोक्यात ८/० लावलास तर दांडा आसाच्या वर राहतो आणि फिरवताना डोळा गोल घिरट्या घालतो. मग टिन्सेल गुंडाळायचा फायदा संपला, उरलं फक्त उलटून बघणं. आणि नुसतं उलटून बघायला खरी रोटरी लागत नाही, डोकं वळलं तरी पुरतं. तेव्हा आधी पकड, मग बूड, मग फिरणं. या क्रमात मी तडजोड करणार नाही.


रेवातट:

इंदूरहून लिहितोय. व्हाइसवर वरच्या मंडळींनी छान लिहिलंय, मी महाशीरच्या बाजूने थोडं.

आमच्या नर्मदेतला महाशीर म्हणजे टॉर टॉर, मध्य प्रदेशाने २०११ मध्ये त्याला राज्यमासा केलं. तुम्ही जाताय तिकडचा हिमालयातला सोनेरी महाशीर म्हणजे टॉर प्युटिटोरा. दोघांचंही तोंड विलक्षण ताकदीचं. पातळ तारेचा गळ तो चेपून टाकतो, म्हणून महाशीरसाठी जाड तारच लागते. तुमचा व्हाइसचा प्रश्न सुरू होतो तो इथूनच. मुस्टाडचा ३४००७ हा स्टेनलेसचा गळ पुष्कळ जण वापरतात, त्याची तार चांगली दणकट आहे.

एक कळकळीची विनंती. नद्यांवर धरणं झाली, पाणी अडलं, महाशीर कमी झाला. पकडून सोडायचाच असेल तर गळाचा उलटा काटा दाबून टाका. आणि तो दाबायला व्हाइसचे जबडे वापरू नका. कडक जबड्याच्या टोकावर काट्याचा सगळा दाब एका बिंदूवर येतो आणि टोकाचा टवका उडतो. साधी चपट्या तोंडाची पक्कड घ्या आणि फ्लाय बांधायच्या आधी दाबा. काटा दाबताना एखादा गळ मोडतो, तो बांधून झाल्यावर मोडण्यापेक्षा आधी मोडलेला बरा.

पिसांचंही सांगतो. रानकोंबड्याची पिसं जुन्या नमुन्यांत असतात, पण तो पक्षी आपल्याकडे संरक्षित आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. गावठी कोंबड्याची पिसं आणि बोकडाच्या शेपटीचे केस उत्तम चालतात. चमकीसाठी तुम्हाला सुरत जवळ आहे. जरीच्या कामाची पातळ चमकदार पट्टी रिळावर मिळते, ती बाहेरच्या फ्लॅशच्या तोडीस तोड आहे. बांधायच्या आधी ओल्या बोटांनी चोळून रंग जातो का तेवढं बघायचं.


ओरसंगकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हर्नियर लावला. ४/० ची तार १.६ मिमी भरली, ८/० ची २.२. माझ्या एएच्या जबड्यात २.२ ची तार घातली तर जबडे पुढून चिमणीच्या चोचीसारखे उघडे राहतात आणि तार फक्त खालच्या कडेला टेकते. काका, तुम्ही लिहिलंत अगदी तेच.

दोन प्रश्न. एक, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) इतकी टूलरूम आहेत, तिथे जबडे करून घेता येतील का? दोन, जिगच्या मागच्या तिहेरी गळाला केस बांधायचे तर तो धरायचा कसा?


टूलरूम_मकरपुरा:

करून मिळतील, आणि चांगले मिळतील. हे माझं रोजचं काम आहे म्हणून जरा तपशिलात लिहितो.

धातू ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) घ्यायचा. माइल्ड स्टीलवर बाहेरून कडकपणा दिलेले जबडे लहान गळाला चालतात, पण गळाची तार स्वतः कडक असते, ती आठवड्याभरात मऊ जबड्यात घळ पाडते. डी२ या दुसऱ्या टूल स्टीलमध्ये झीज कमी, पण टोकं टवके उडायला जास्त तयार. ओएचएनएस ८०० अंशांच्या आसपास तापवून तेलात, मग लगेच २५० च्या आसपास टेंपर (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं). कडकपणा ५६ ते ५८ रॉकवेल सी मिळाला की थांबायचं. पुष्कळ जण ६० च्या वर मागतात, कडक म्हणजे चांगलं असा समज असतो. व्हाइसच्या जबड्याला चिवटपणाही तेवढाच लागतो.

दोन्ही जबडे एकाच ठोकळ्यातून वायर-कटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या यंत्रावर) काढायचे. वेगवेगळे केले तर तोंडाशी जुळत नाहीत आणि घासून जुळवायला गेलात की मजुरी दुप्पट. स्क्रूचे आटे आणि गळाच्या खाचा हार्डनिंगच्या आधी. नंतर कानस लागणार नाही. खाच व्ही आकाराची, तारेच्या अर्ध्याहून थोडी कमी खोल. म्हणजे दोन्ही बाजूंनी तार दाबली जाते आणि मध्ये फट उरते. खाच तारेएवढी खोल केलीत तर जबडे एकमेकांना भिडतात आणि गळ आत खुळखुळतो. दोन खाचा द्या, पुढची १.६ ला, मागची २.२ ला.

हार्डनिंगहून आल्यावर कडांवर बारीक कूस (धातूची खरखरीत धार) राहते. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. जीएसपी दोरा त्याच्यावर एकदा घासला की तुटतोच. तेलाच्या दगडावर सगळ्या बाहेरच्या कडा मोडून घ्यायच्या, आतली पकडीची तोंडं मात्र तशीच ठेवायची.

पूर्ण व्हाइस करायला सांगू नका. कॅम, फिरतं डोकं, ब्रेक हे सगळं एका नगासाठी करणं कुणालाच परवडत नाही. चांगल्या बांध्याचा दोन पट्ट्यांचा व्हाइस घ्या आणि त्याला जबड्यांची दुसरी जोडी करून घ्या. मूळ जोडी लहान गळांना राहते.


वाघोडिया_रोड:

तिहेरी गळाचं मी सांगते, जिगचे केस नेहमी बांधते.

तिन्हींपैकी एका गळाचा वाक जबड्यात धरायचा, दांडा आडवा ठेवायचा. उरलेली दोन टोकं मोकळी राहतात आणि ती हात फाडतात, म्हणून सलाइनच्या नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापून त्यांच्यावर चढवायचे. दोराही मग टोकाला अडकत नाही. एकेरी मोठ्या गळालाही हीच युक्ती. टोक जबड्यात लपवायच्या नादात कित्येक जण गळ टोकाशी आणि काट्याशी धरतात, तिथे दाब आला की पोलाद चिरतं. धरायचा तो वाकाचा खालचा सपाट भाग. टोक बाहेर राहिलं तर राहू दे, नळी आहे ना.

केसांच्या तीन जुड्या बांधायच्या, दोन गळांच्या मधल्या प्रत्येक जागेत एक. म्हणजे दर जुडीला गळ एक तृतीयांश वळवायला लागतो. इथे फिरकीदादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. डोकं फिरणारा व्हाइस असेल तर गळ एकदाच धरायचा, नाहीतर तीनदा सोडून तीनदा लावायचा. फक्त फिरवल्यावर डोकं घट्ट अडकवणारा ब्रेक हवा. वळलेल्या अवस्थेत दोरा ओढला आणि डोकंच सरकलं, तर मग जबडे कितीही चांगले असोत.

असिस्ट हुकला पकड सगळ्यांत जास्त लागते. दोरीचा फास डोळ्यातून काढून दांड्यावर पाडायचा आणि त्यावर पीई (पॉलिथिलीनचा) दोरा पार दात-ओठ खाऊन आवळायचा. थोडा जरी सैल राहिला तर मासा लागल्यावर दोरी दांड्यावरून निसटते. आवळून झाल्यावर सुपरग्लू मुरू द्यायचा, वाळला की हीट-श्रिंक नळी. व्हाइसमध्येच गरम करायची असेल तर ज्योत जबड्यांपासून लांब ठेवा, टेंपर उतरतं. हॉट-एअर गन असेल तर उत्तम.


ओरसंगकाठ:

ताई, सलाइनच्या नळीचं आजच करून बघितलं, फारच उपयोगी. आणि ब्रेकचा मुद्दा माझ्या ध्यानीमनी नव्हता.

आता बुडाबद्दल बोला. क्लॅम्पने टेबलाला आवळायचा की जड बैठकीवर उभा करायचा? माझं टेबल आजोबांच्या वेळचं सागवानी आहे, फळी चांगली जाड, क्लॅम्प जेमतेम बसतो आणि लाकडावर वळ उठतात.


टूलरूम_मकरपुरा:

मोठ्या गळाला शक्य तिथे क्लॅम्प. बैठकीचा व्हाइस २ किलोच्या ओढीला पुढे सरकतो, नाहीतर मागून उचलतो. क्लॅम्प किती उघडतो ते घेण्याआधी मोजा, सागवानी टेबलांशी बरेच परदेशी क्लॅम्प जमवून घेत नाहीत. वर-खाली चामड्याचा तुकडा ठेवलात की वळ उठणार नाहीत. रबर ठेवू नका, रबर दबतं आणि व्हाइसचा उभा दांडा डुलत राहतो.

बैठकच हवी असेल, प्रवासात न्यायची नसेल, तर माइल्ड स्टीलची १५० बाय १५० बाय २५ मिमी प्लेट घ्या. ती ४.४ किलोची होते. दांड्याचं भोक मधोमध पाडू नका, मागच्या कडेकडे पाडा, म्हणजे दोरा ओढता त्या बाजूला वजन येतं. दांडा १० मिमीपेक्षा बारीक असेल तर तोच वाकतो आणि तुम्हाला वाटतं जबडा घसरला.


कलाभवनी:

शेवटच्या वाक्याला माझं जोरदार अनुमोदन. पकड तपासताना आधी व्हाइसचा दांडा हाताने धरून ठेवावा आणि मग डोळा दाबावा. दांडा धरल्यावर हलणं थांबलं तर दोष जबड्यात नाही.

आणि ओरसंगकाठ, अंगठ्याला आणि तर्जनीला कापडी चिकटपट्टी लावत जा. जीएसपी त्वचा कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही.


फिरकी:

मग निष्कर्ष काय, रीगल की कॅमवाला?


ओरसंगकाठ:

फिरकी, माझ्यापुरतं ठरलंय ते असं. फक्त फ्लाय बांधायच्या असत्या तर स्प्रिंगच्या जबड्याचा घेतला असता, कारण मी एका बसणीत ८ नंबरवरून ६/० वर जातो. पण तिहेरी गळ आणि असिस्ट हुक मिळून माझं निम्मं काम आहे, आणि त्याला फिरतं डोकं, पक्का ब्रेक आणि माझ्या दोन तारांना मापाच्या खाचा हव्यात. तेव्हा कॅमवाला, सुट्या जबड्यांचा, क्लॅम्पचा दांडा १० मिमीचा. ८/० फिरवताना घिरट्या घालेल हे मान्य करून घेतोय, जीटीच्या फ्लायवर मला टिन्सेल गुंडाळायची नाही. मोठ्या जबड्यांची जोडी इथेच करून घेणार. एए विकणार नाही, लहान गळांना तो छान आहे.

टूलरूमदादा, जबड्याचं ड्रॉइंग मूळ जोडीवरून काढाल ना? की मला आणावं लागेल?


टूलरूम_मकरपुरा:

ड्रॉइंग नको. व्हाइस आला की सगळाच घेऊन या, मूळ जबडे लावलेले असू द्या. कॅम किती सरकतो ते त्यावरच मोजावं लागतं. सोबत ४/० आणि ८/० चे दोन-दोन गळ आणा, न बांधलेले. एक-एक गळ वाया जाईल, खाचेची खोली त्याच्यावर तपासतो. हार्डनिंगची भट्टी आम्ही एका नगासाठी पेटवत नाही, दुसऱ्या कामांबरोबर लावू, तेव्हा थोडी वाट बघायची तयारी ठेवा.


वाघोडिया_रोड:

दादा, जोडी एकच करताय की दोन? वायर-कटचा प्रोग्रॅम एकदा झालाच आहे तर माझ्यासाठीही एक काढा. माझा व्हाइस वेगळ्या कंपनीचा आहे, पण जबड्यांची जाडी आणि स्क्रूची जागा मोजून इथे टाकते.


टूलरूम_मकरपुरा:

ताई, मापं टाका. स्क्रूच्या मध्यापासून जबड्याच्या टोकापर्यंतचं अंतर आणि आट्याचा पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर), ही दोन आधी. अमेरिकन बनावटीचा असेल तर आटे इंचातले असण्याची शक्यता आहे, पिच-गेज लावूनच सांगा.